मर्नाच्या वजनाचं पोतं

आठवडाभर रस्ते सपाट करणाऱ्या माणसाची मोटारसायकल सरळ चालत नाही, हा विनोद आमच्या किम्बा गावात त्या वर्षी इतका फिरला की शेवटी करणाऱ्यांनाच त्याचा कंटाळा आला. लिंडसे नॉस्कीला मात्र तो दर वेळी नव्याने झोंबायचा. लिंडसे कौन्सिलचा ग्रेडर चालवतो. लांब पात्याचं ते पिवळं धूड घेऊन तो शेतांमधले खडीचे रस्ते खरवडत बसतो, तेही बैलगाडीच्या चालीने. त्याने पातं फिरवलेल्या रस्त्यावर चहाचा कप हिंदकळत नाही, असं तो स्वतःच सांगतो आणि कुणी खोडून काढत नाही. पण रविवारी तो त्या जुन्या साडेसातशे सीसीच्या मोटारसायकलवर बसून डांबरी हायवेला लागला, की शंभराच्या पुढे गाडीची शेपटी हलायला लागायची. आधी हळूच, मग मोठ्याने, मग अशी की हँडल दोन्ही हातांनी आवळून देवाचं नाव घ्यावं.

गाडी त्याने लग्नाच्या आधी घेतलेली. चार सिलिंडरची, जपानी, टाकीवरचा रंग उडून खालचा पत्रा दिसायला लागलेला. दर ऑक्टोबरात जोडून सुट्टी आली की लिंडसे आणि त्याची बायको मर्ना या गाडीवरून समुद्रकाठी व्हीनस बेला जायची, मर्नाच्या बहिणीकडे, जॉईसकडे. मासे तळायचे, पत्ते कुटायचे, सोमवारी परत. मुलं झाली, मोठी झाली, ॲडलेडला गेली, तरी हा नेम चुकला नव्हता. लिंडसे बोलका माणूस नाही. वर्षभरात बायकोशी जे काही गोड बोलायचं असेल, ते तो या प्रवासावर ढकलून मोकळा व्हायचा.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या वाटेवर या डुलण्याचा कहर झाला. वुडिना गावाच्या अलीकडे धान्याचा लांबलचक ट्रक पुढे होता. लिंडसेने गाडी बाहेर काढली, वेग वाढवला, आणि ट्रकच्या तोंडाशी वाऱ्याचा फटका बसताच मागचं चाक डुलायला लागलं. गाडी साऱ्या रस्त्यावर नाचली. कसाबसा तो पुढे निघाला आणि वेग उतरला तेव्हा कुठे नाच थांबला. वुडिनाच्या पेट्रोलपंपावर मर्ना खाली उतरली, आत जाऊन चहा घेऊन बसली आणि तिने हेल्मेट टेबलावर ठेवून दिलं. ती एवढंच म्हणाली, "ही सरळ चालेल तेव्हा मी बसेन. तोवर नाही." तेवढ्यात शेजारचा शेतकरी क्लॅरी तिथे पेट्रोल भरायला आला, आणि ती त्याच्या गाडीतून घरी गेली. लिंडसे रिकाम्या मागच्या सीटसकट एकटाच आला.

तिथून पुढचा उन्हाळा आणि ऑगस्टपर्यंतचा सगळा हिवाळा लिंडसेच्या डोक्याला या गाडीने ताप दिला.

पहिला संशय टायरवर, आणि तो रास्त होता. आमच्याकडे रस्ते असे की वळण दिसलं तर माणूस घरी जाऊन सांगतो. सरळ, सरळ, सरळ. त्याने मागचं टायर मधोमध झिजून पार चपटं होतं, दोन्ही कडांना धारा येतात, आणि गाडी जराशी कलली की त्या धारेवर चढउतर करत बसते. रस्त्याचा खडान्‌खडा ओळखणाऱ्या लिंडसेला आपल्याच टायरची ही दशा दिसली नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटलेला माणूस घाई करतो तशी त्याने केली.

टायर घ्यायला तो वायाला शहरात कॉन माव्रिडिसच्या दुकानात गेला. इथे त्याच्यातला ग्रेडरवाला आडवा आला. ग्रेडरची टायरं कमरेइतकी उंच, रुंद, जाड. ती डुलत नाहीत. तेव्हा रुंद ते स्थिर, जाड ते टिकाऊ, असा त्याचा सरळ हिशोब. त्याने दुकानातलं सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कडक टायर मागितलं. कॉननेही मागे-पुढे पाहिलं नाही. जुन्या गाडीला रुंद टायर कसं रुबाबदार दिसतं, असं सांगून त्याने ते अरुंद रिमवर ठोकून बसवलं. रिमने दोन्ही बाजूंनी दाबल्यामुळे टायर मध्ये फुगलं आणि त्याचा आकार डोंगराच्या शेंड्यासारखा झाला. घरी येईपर्यंत लिंडसेच्या नाकी नऊ आले. आधी गाडी शंभरावर डुलायची, आता ऐंशीवर चाळे करायला लागली, आणि डांबराच्या सांध्यावरून गेली की आपल्या मनाने दिशा निवडायची.

त्याने फोन केला तेव्हा कॉन म्हणाला, हवा कमी कर. त्याने कमी केली. मग म्हणाला, वाढव. त्याने वाढवली. मग कॉन म्हणाला की टायर मुरायला वेळ लागतो. टायर काय लोणचं आहे का, असं विचारून लिंडसेने फोन ठेवला.

मग तो इंटरनेटवर गेला, आणि तिथे जे होतं तेच झालं. जगभरातल्या जुन्या मोटारसायकलवाल्यांनी त्याला सल्ले दिले आणि प्रत्येकाने आधीच्याला मूर्ख ठरवलं. एक म्हणाला कोनसेट गेला. लिंडसेने हँडल ज्याच्यावर फिरतं तो खालचा कोनसेट उघडला. बेअरिंगच्या गोळ्यांनी वाटीत खळगे पाडले होते. नवा घातला. दुसरा म्हणाला मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश बघ. चिमटा हलवून पाहिला तर बोटभर खुळखुळत होता. तेही बदलले. तिसरा म्हणाला शॉकॲब्सॉर्बर, चौथा म्हणाला चाकं एका रेषेत नाहीत. लिंडसेने गवताच्या पेंड्या बांधायची सुतळी ताणून चाकं रेषेत आणली. दर रविवारी एक दोष सापडायचा, दर रविवारी त्याला वाटायचं की हाच तो, आणि दर रविवारी तो हायवेवरून दात-ओठ खात परत यायचा. खरं तर गाडी थोडी थोडी सुधारत होती. पण थोड्या थोड्याने मर्ना बसणार नव्हती.

शेवटी त्याने हट्ट सोडला आणि कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जी मापं होती त्याच मापांची टायरं मागवायची ठरवली. अरुंद, जुन्या बांधणीची, पण आजच्या रबराची. पुढच्याच्या रबरावर सरळ उभ्या खाचा. कॉनने नाक मुरडलं. असली टायरं आता संग्रहालयातल्या गाड्यांना घालतात म्हणाला. मागवली, यायला महिना लागला, आणि आली ती दोन्ही पुढची. लिंडसे दुकानात उभा राहून त्या दोन टायरांकडे इतका वेळ बघत राहिला की कॉनने घाबरून त्याला खुर्ची दिली. पुन्हा मागवली, पुन्हा वाट पाहिली.

ऑगस्टच्या अखेरीला योग्य जोडी बसली. लिंडसेने चाचणी चोख व्हावी म्हणून सीटच्या मागे बसवलेल्या लोखंडी पेटीतला पाण्याचा कॅन, हत्यारं, सगळं काढून ठेवलं आणि एकटा निघाला. ऐंशी, शंभर, एकशे दहा. समोरून धान्याचा ट्रक आला, वाऱ्याचा लोट अंगावर आदळला. गाडी एकदा हलली आणि पुन्हा आपल्या रेषेत जाऊन बसली. लिंडसे हेल्मेटच्या आत मोठ्याने हसला. समोरच्या ट्रकवाल्याने इथल्या रिवाजाप्रमाणे रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, तर याने अख्खा हात हलवला. ट्रकवाल्याला वाटलं असेल, पुढे पोलीस आहेत.

घरी येऊन त्याने मर्नाला सांगितलं. मर्नाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ॲप्रन काढला आणि कपाटातून हेल्मेट आणलं. पेटीत तिने थर्मास ठेवला, सँडविचचा डबा ठेवला. त्याने पाण्याचा कॅन आणि हत्यारं परत भरली, कारण आमच्याकडे पाण्याशिवाय निघणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. ती मागे बसली, पेटीला लावलेल्या गादीला पाठ टेकली, आणि दोघं निघाले.

शंभरला गाडीने शेपटी हलवली.

लिंडसेला आधी खरंच वाटेना. त्याने हँडल घट्ट धरलं तर डुलणं आणखी वाढलं. मर्नाने त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. गावाबाहेरच्या धान्य साठवायच्या सायलोच्या सावलीत त्याने गाडी थांबवली. मर्ना उतरली आणि हेल्मेटचा पट्टा सोडायला लागली. हिवाळाभर गिळलेला सगळा राग लिंडसेच्या तोंडाशी आला, आणि ज्याच्यावर निघायला हवा होता तो कॉन तिथे नव्हता.

"मी एकटा असलो की नीट चालते," तो म्हणाला. "तेव्हा गाडीत काही दोष नाही."

मर्नाने पट्टा सोडायचं थांबून विचारलं, "म्हणजे माझ्यात आहे?"

यावर नाही म्हणायचं सोडून तो नुसता टायरकडे बघत राहिला. मर्ना म्हणाली की ऑक्टोबरात ती आपली मोटार घेऊन जॉईसकडे जाईल, त्याला यायचं तर यावं, नाही तर राहिलं. मग ती चालत गावाकडे गेली. लिंडसे गाडी ढकलावी तशी हळूहळू तिच्या मागून चालवत राहिला, पण ती पुन्हा बसली नाही. गावातल्या दुकानाच्या ओसरीवर बसलेल्या मंडळींनी ही वरात पाहिली.

दुसरा कुणी असता तर इथे शहाणा झाला असता. लिंडसेने मात्र उलट मनाशी घेतलं की आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं. मागे वजन आलं की गाडी डुलते, हे एकदा सिद्ध झालं की मर्ना तरी काय बोलणार, असा त्याचा विचार. सिद्ध झाल्यावर ती मागे बसेल की कायमची उतरेल, एवढं पुढचं त्याने पाहिलंच नाही.

वजन हवं म्हणून तो क्लॅरीच्या शेतावर गेला आणि त्याने पेरणीतून उरलेल्या जवाचं एक पोतं मागितलं. क्लॅरीने विचारलं, किती भरायचं. मर्नाएवढं, लिंडसे म्हणाला. क्लॅरी फावडं हातात घेऊन थांबला.

"तिचं वजन किती?"

"मला काय माहीत?"

"इतकी वर्षं संसार केलास, आणि माहीत नाही?"

"तुला तुझ्या बायकोचं माहीत आहे?"

"नाही," क्लॅरी म्हणाला, "पण मी तिचं पोतं करून गावभर हिंडवत नाही लेका."

शेवटी दोघांनी अंदाजाने भरलं, उचलून पाहिलं, दोन फावडी कमी केली, लाज वाटून आणखी एक कमी केलं. पोतं मागच्या सीटवर ठेवून पेटीच्या गादीला आवळून बांधलं. लिंडसे निघाला. शंभरला गाडी डुलली. तो कडवट समाधानाने परत आला, आणि सिद्ध झालं म्हणून थांबायचं सोडून रोज कामावरून सुटल्यावर पुन्हा पुन्हा तेच करायला लागला. हवा बदलून बघ, शॉक कडक करून बघ. समोरून येणारे रिवाजाचं बोट उचलायचे आणि मग मान वळवून पोत्याकडे बघत राहायचे. कौन्सिलच्या यार्डात कुणी तरी पोत्याला मिसेस नॉस्की म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मर्नाच्या कानावर जायचं ते गेलंच. तिने जॉईसला फोन करून आपण मोटारीने येतोय असं कळवलं, तेही लिंडसेला ऐकू जाईल अशा आवाजात.

एका शनिवारी क्लॅरीच्या फाटकापाशीच पेटीच्या पट्टीने राम म्हटला. पेटी लिंडसेनेच कौन्सिलच्या यार्डात बनवलेली होती, आणि जे बनवायचं ते ट्रक अंगावरून गेला तरी टिकेल असं, ही त्याची खोड. जाड पोलादी पत्रा, त्याला गादी, खाली दोन भक्कम पट्ट्या. पेटी तशीच होती, पण रोजच्या हादऱ्याने एक पट्टी जोडापाशी तडकली आणि सगळं प्रकरण पोत्यासकट मागे लोंबायला लागलं. क्लॅरी आला. दोघांनी पेटी उतरवून फाटकाशी ठेवली. उचलताना क्लॅरी कण्हला आणि म्हणाला, ही रिकामी असते तरी कधी.

लिंडसेला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. पेटी गेली तर गेली, एकदा पोत्यासकट घरी जायचं आणि गाडी त्याच पोत्याने डुलते हे मर्नाला अंगणातून बघायला लावायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण पोतं बांधायला आता मागे काही नव्हतं. तेव्हा क्लॅरीने माल बांधायचा रुंद पट्टा घेतला, पोतं लिंडसेच्या पाठीशी टेकवलं, पट्टा लिंडसेच्या पोटावरून आणि पोत्यावरून फिरवला आणि मागून खटक्याने आवळला. लिंडसेचा श्वास कोंडला.

"जास्त झालं का?" क्लॅरीने विचारलं.

"राहू दे. घरापर्यंत तर जायचंय."

तो निघाला. डोकं रागाने इतकं भरलेलं की वेगाच्या काट्याकडे लक्षच गेलं नाही. समोरून ट्रक आला, फटका बसला आणि गेला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की फटका बसला आणि काहीच झालं नाही. त्याने खाली पाहिलं. काटा एकशे दहावर होता.

त्याला वाटलं, योगायोग. त्याने गाडी वळवली, परत क्लॅरीच्या फाटकापर्यंत नेली, पुन्हा फिरवली. एकशे दहा. हँडल सैल धरलं, मुद्दाम जरा हलवलं. गाडी पाठीवरच्या पोत्यासकट आपल्या रेषेत जात राहिली. पोतं तेच होतं, वजन तेच होतं. पेटी तेवढी नव्हती, आणि पोतं मागे रेलायचं सोडून त्याला चिकटलं होतं.

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो बसून राहिला. सगळा उलगडा एका झटक्यात झाला, आणि त्याला त्याचा मुळीच आनंद झाला नाही. ती लोखंडी पेटी, पाण्याचा कॅन, हत्यारं, आणि त्याला रेललेली मर्ना, सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागे. त्यामुळे पुढचं चाक हलकं आणि मागचं मोकाट. टायर चपटं होतं, कोनसेट गेला होता, हेही खरं, पण ते सगळं या एका मूर्खपणावर चढलेलं होतं. पेटी कधी बसवली, हे आठवायला त्याला वेळ लागला नाही, आणि गाडी पहिल्यांदा डुलली ती त्यानंतरच्याच ऑक्टोबरात, हेही आठवलं. तेव्हा त्याने वाऱ्याला दोष दिला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या कौन्सिलच्या रस्त्याला. पेटी का बनवली, हे आठवायचं मात्र तो टाळत घरी आला.

अंगणात येऊन त्याने गाडी स्टँडवर लावली आणि उतरायला गेला, तर उतरता येईना. पट्ट्याचा खटका पोत्याच्या मागे. हात पोचत नव्हता. त्याने हॉर्न वाजवला. मर्ना कपडे वाळत घालत होती. तिने सावकाश हातातली चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि ती समोर येऊन उभी राहिली.

"हीच का ती?" तिने पोत्याकडे बघत विचारलं.

लिंडसेने सगळं सांगितलं. वजन कुठे हवं, कुठे नको, पेटी कशी चुकीची, टायरं आता कशी योग्य. हिवाळाभरात तो इतकं बोलला नव्हता. मर्ना ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पूर्वी मी तुला धरून बसायचे, तेव्हा ही डुलत नव्हती."

"नव्हती."

"मग पेटी कशाला केलीस?"

त्याने पट्ट्याखाली बोटं घालून तो सैल करून पाहिला.

"मी सांगते," मर्ना म्हणाली. "तू म्हणालास, सारखी कवटाळून बसतेस, मला श्वास घेता येत नाही. वुडिनाच्या त्याच पंपावर म्हणालास. मग घरी येऊन ती पेटी केलीस, गादी लावलीस, आणि मला म्हणालास, आता तुला टेकायला झालं. मी थँक्यू म्हटलं. मला वाटलं, याला माझा हात नकोसा झालाय, पण तोंडाने म्हणवत नाही."

"तसं नव्हतं ग. तेव्हा माझी बरगडी दुखत होती."

"तसं सांगायचंस."

पट्टा सोड, तो म्हणाला. मर्ना मागे गेली. खटक्याला हात लावलेला त्याला जाणवला, पण पट्टा सैल झाला नाही. ती परत दोरीपाशी गेली आणि उरलेले कपडे एकेक झटकून वाळत घालायला लागली. लिंडसे पोत्यासकट बसून राहिला. ऊन पाठीवर आलं, पोत्याची सुतळी मानेला टोचत होती. शेजारच्या अंगणातून कुणी तरी डोकावून गेलं. तिने पुरा दोर भरला, टोपली घरात ठेवली, आणि मगच येऊन खटका सोडला. पोतं बाजूला कलंडून जमिनीवर पडलं आणि फुटलं. मर्नाने सांडलेल्या जवाचा ढीग पाहिला.

"एवढी नाहीये मी," ती म्हणाली.

"क्लॅरीने भरलं," लिंडसे म्हणाला.

तिने ढिगावरून पाय टाकला आणि हेल्मेट न घालता ती मागे चढली. लिंडसेचा हात चावीकडे गेला, तर ती म्हणाली, सुरू करू नकोस, आधी नुसतं बसू. मग ती पुढे सरकली आणि तिने दोन्ही हात त्याच्या पोटावर एकमेकांत अडकवले. बऱ्याच वर्षांनी धरलं म्हणून, की अजून राग होता म्हणून, पण क्लॅरीच्या पट्ट्यापेक्षाही घट्ट धरलं.

"श्वास घेता येतोय का?" तिने विचारलं.

"नाही," लिंडसे म्हणाला. "धर तशीच."